फक्त पेट्रोल भरण्यासाठी

सरकारविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. पुढे जे लिहिलं आहे ते केवळ नियमांचं वाचन आहे, आणि नियम वाचणं हा अजून तरी दंडनीय अपराध नाही.

माझ्याकडे एक मोटार आहे, १९७३ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. आरसी बुकात ती ‘फियाट’ आहे, डिकीवरच्या पट्टीवर ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आहे आणि रस्त्यावरचे लोक तिला ‘पद्मिनी’ म्हणतात. यात खोटं कुणीच बोलत नाही. इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपला, तेव्हा वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने गाडी तीच ठेवली आणि नावं बदलत नेली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. गिअर स्टिअरिंगवरचा. वडिलांनी ती नंबर लावून, थांबून घेतली. त्या काळात मोटारीची किंमत सरकार ठरवत असे आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वर्षाला किती गाड्या बनवायच्या हेही परवान्यात लिहिलेलं असे, म्हणजे गिऱ्हाइकाने किती थांबायचं हेही सरकारच ठरवत असे. या गाडीत सरकारला पहिल्या दिवसापासून रस आहे आणि तो तसूभरही कमी झालेला नाही, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

आता नियमांकडे येऊ. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हे नूतनीकरण ३१ मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपयांत होत असे. दुसऱ्या दिवशी ते ५,००० झालं. १ एप्रिलची तारीख पाहून काही लोकांचा गैरसमज झाला, पण सरकार थट्टा करत नव्हतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आलं. मोटारसायकलचं ३०० वरून १,००० आणि तिथून २,००० झालं. आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० पडतात. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीचा धूर पर्यावरणात कसा मिसळतो हे मला ठाऊक आहे. माझा कर त्यात कसा मिसळतो हे मात्र कळलेलं नाही.

आज कोणी नवी गाडी घेतली आणि ती पन्नास वर्षं सांभाळायचं ठरवलं, तर आजच्याच दराने हिशेब करून पाहा. पंधराव्या वर्षी पाच हजार. मग विसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा दहा-दहा हजार. एकूण पासष्ट हजार. ही रक्कम गाडी रस्त्यावर ठेवण्याची नाही, ती रस्त्यावर आहे असं कागदावर ठेवण्याची. दुरुस्ती वेगळी, विमा वेगळा, टायर वेगळे, एजंट वेगळा.

पन्नास वर्षं पूर्ण झाली की मात्र सरकारचा सूर एकदम बदलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. काल ज्या गाडीकडे धूर ओकणारी म्हणून पाहिलं जात होतं, ती आज देशाचा वारसा ठरते. मधल्या रात्रीत गाडीत काही फरक पडत नाही. माझ्या गाडीत तर नाहीच पडला; कार्ब्युरेटर वारसा होण्याच्या वयातही तसाच गळत होता.

हा मान अर्ज केल्यावर मिळतो. नमुना २० भरायचा, सोबत विम्याची पॉलिसी, जुनं आरसी बुक आणि शुल्क. शुल्क वीस हजार रुपये. साठ दिवसांत नमुना २३-अ मध्ये प्रमाणपत्र मिळावं असा नियम आहे, आणि ते दहा वर्षं चालतं. त्यानंतरची फेरनोंदणी पाच हजारांत. नव्याने नंबर घ्यायचा असेल तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं त्याच्या घरी नक्की एखादी जुनी गाडी असणार. त्याचे मी मनापासून आभार मानतो, कारण उरलेली कलमं त्याने लिहिलेली दिसत नाहीत.

विंटेज होण्याचा अधिकार दुचाकींना आहे आणि चारचाकी मोटारींना आहे. तीन चाकांवर इतिहास घडत नाही, असं नियम मानतो. पन्नास वर्षांपूर्वीची रिक्षा कोणी जिवापाड जपली असेल तर त्याने एक चाक वाढवावं किंवा कमी करावं. तसं केलं तर मूळ स्वरूपात बदल केल्याबद्दल तीही बाद होईल. तेव्हा रिक्षावाल्यांनी या भानगडीत न पडणं बरं.

मूळ स्वरूप हा पुढचा मुद्दा. गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. तत्त्व म्हणून हे मला शंभर टक्के मान्य आहे. अडचण एवढीच की गाडी पन्नास वर्षं पुण्याच्या पावसात उभी होती. तिचा तळाचा पत्रा सडला, तेव्हा नवा मारला. इंजिन बोअर केलं, पिस्टन-रिंग बदलल्या, हेड काढून घासलं, क्लचप्लेट तर किती वेळा टाकली याचा हिशेब नाही. जुन्या बाजारात बुधवार-रविवार हिंडून दिव्यांच्या काचा जमवल्या. यातलं मोठं काय आणि किरकोळ काय, हे तपासणारे ठरवणार. बोअर न करता, पत्रा न मारता पन्नास वर्षं काढलेली गाडी एकच असू शकते: जी चाललीच नाही. एखाद्या संस्थानिकाच्या मोटारखान्यात आच्छादनाखाली झोपून राहिली ती अस्सल. रोज शाळा, कचेरी, दवाखाना, लग्नकार्य केलेली ती संशयित. पन्नाशीला पोचायचं असेल तर चालू नका, हा नियमाचा पहिला संदेश. दुसरा याहून स्पष्ट आहे.

विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आणायची झाली तर ठरावीक कामांसाठी: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणं, देखभाल-दुरुस्ती, आणि अशा ठिकाणी जाणं-येणं. ही यादी मी वाचून पाठ केली आहे. तिच्यात इंधन भरणं आहे, हे मला विशेष भावतं. म्हणजे मी गाडी पंपावर न्यायची, टाकी भरायची आणि परत घरी आणून लावायची. जाता-येता जे पेट्रोल जळेल ते भरायला पुन्हा पंपावर जायचं. यात कुठेही नियमभंग नाही. मनुष्य चिकाटीचा असेल तर तो आयुष्यभर गाडी कायदेशीर चालवू शकतो. फक्त पंपापलीकडे जाऊ शकत नाही.

तांत्रिक संशोधनाचीही सोय आहे. मंडईत जाऊन कोथिंबीर आणणं हा रोजचा वापर झाला. पण १०८९ सीसीच्या इंजिनावर कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि चार किलो कांद्यांचा काय भार पडतो, हे पाहणं संशोधनात बसावं. मी आमच्या एजंटला विचारलं. तो म्हणाला, “काका, संशोधनाला विद्यापीठाचं पत्र लागेल.” तो हे गंभीरपणे म्हणाला की नाही ते कळलं नाही, एजंट लोक शुल्क सांगतानासुद्धा याच चेहऱ्याने सांगतात.

माझ्या विंटेजच्या अर्जाचं थोडं सांगायला हवं. मूळ नोंदणी कार्यालयातल्या जाड वहीत शाईने झालेली. ती संगणकावर चढवायची तर आधी जुन्या नोंदीची ‘बॅकलॉग एंट्री’ व्हावी लागते. मग ऑनलाइन अर्जात कंपनी निवडा, मॉडेल निवडा. आरसी बुकात एक नाव, डिकीवर दुसरं, यादीत यातलं एकही नाही. खिडकीवरच्या साहेबांनी सुचवलं, “कंपनीकडून पत्र आणा.” मी म्हटलं, “कंपनीने ही गाडी बनवायचं थांबवूनही वीस-पंचवीस वर्षं झाली.” ते म्हणाले, “मग त्यांच्या कुर्ल्याच्या ऑफिसला जा.” कुर्ल्याला आता त्या जागी मोठाल्या इमारती आहेत. प्रीमियर नावाचा एक रस्ता तेवढा आहे. रस्त्याने पत्र दिलं असतं तर मी आणलं असतं.

मग चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर पेन्सिल घासायची, वरून चिकटपट्टी लावायची, ती हलक्या हाताने उचलायची आणि अर्जावर डकवायची. सगळा अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, मोबाइलवर ओटीपी, आणि अखेरीस गाडी ओळखायची ती शिसपेन्सिलीने. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. एवढ्या व्यवहारात गाडीला कोणीतरी प्रत्यक्ष हात लावतो तो इथेच. आमच्या गाडीच्या आकड्यांवर रंगाचे अनेक थर होते. रंग खरवडला तर मूळ स्वरूपाला धक्का, न खरवडला तर गाडीची ओळख पटत नाही. एजंटने शेवटी खरवडला आणि म्हणाला, “काका, मी काही पाहिलं नाही.”

आणखी एक गंमत नंबरप्लेटची. माझ्या गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती, तेव्हाच्या खासगी गाड्यांची पद्धतच ती. पुढे सगळ्या देशाने पांढऱ्यावर काळं केलं, आम्हीही केलं. आता १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला अतिसुरक्षित पाटी हवी. महाराष्ट्रात त्यासाठी चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, दुचाकीला ४५०. मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढली. पण वाढेल असं समजून थांबलेल्यांना आणि वाढणार नाही असं समजून धावलेल्यांना पाटी सारखीच मिळाली. ती होलोग्रामची आहे, तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक आहे, आणि एकदा लॉक झाली की मोडल्याशिवाय निघत नाही. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. माझी गाडी चोरायची तर आधी चोक ओढावा लागतो, मग दोनदा अॅक्सिलरेटर दाबून थांबावं लागतं, आणि थंडीत शेजाऱ्यांना बोलावून ढकलावी लागते. चोराने एवढं केलं तर मी त्याला पाटीसकट देईन.

सीटबेल्टचंही तसंच. पुढच्या आसनांना पट्टे देणं कंपन्यांवर सक्तीचं झालं ते १९९४ पासून. माझ्या गाडीत पट्टे नाहीत, कारण ती बनवली तेव्हा कोणी मागितले नव्हते. एका चौकात हवालदारांनी थांबवलं.

“बेल्ट?”

“नाही.”

“का नाही लावला?”

“गाडीतच नाही.”

“मग बसवून घ्या. दंड आहे.”

त्यांचं चुकीचं नव्हतं. जिवाच्या दृष्टीने पट्टा हवाच. पण तो बसवायचा तर बॉडीला भोकं पाडावी लागतात, आणि बॉडीला हात लावला की पुढे कोणी विचारणार, मूळ स्वरूपाचं काय? एका नियमाने भोक पाडायचं आणि दुसऱ्याने ते बुजवायचं. हवालदारांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, “आमच्या साहेबांकडे होती अशी. जावा.” आजवर ऐकलेल्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत तर्कशुद्ध वाटला.

खिडकीवर एकाने मायेने दुसरा मार्ग सुचवला होता. “काका, स्क्रॅपला द्या. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या टॅक्सात सूट.” खरं आहे. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला कराच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. म्हणजे गाडी मोडली तर सरकार पैसे सोडतं, जपली तर घेतं. लोखंडाला भाव आहे, लोखंड जपण्याला दंड आहे. अर्थशास्त्र मला फारसं कळत नाही, पण हे कळलं.

आता ज्या हिशेबासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तो पाहा. साधी, विशी ओलांडलेली गाडी: पाच वर्षांना दहा हजार, म्हणजे दहा वर्षांना वीस हजार. विंटेज गाडी: पहिल्या दहा वर्षांना वीस हजार. रक्कम तंतोतंत सारखी. फरक एवढाच की साध्या गाडीतून मी मंडईत जाऊ शकतो, बहिणीकडे भाऊबिजेला जाऊ शकतो, नातीला क्लासला सोडू शकतो. विंटेज गाडीतून पेट्रोल भरायला जाऊ शकतो. विंटेजचा फायदा सुरू होतो तो साठाव्या वर्षी, फेरनोंदणी पाच हजारांत होते तेव्हा. तोवर गाडी काय अवस्थेत असेल हे सांगता येत नाही, आणि तोवर मी काय अवस्थेत असेन हे विचारायचं नसतं.

गाडीच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा, कारण नियम करताना तिचं मत घेतलेलं दिसत नाही. जुनी मोटार चालवल्याने खराब होते त्याहून जास्त उभी राहिल्याने होते. बॅटरी उतरते. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून चिकट थर धरतो. टायर एकाच जागी बसून चपटे होतात. वायरी उंदीर खातात. त्यांना विंटेज आणि साधं असा भेद नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते जुन्या रबरी नळ्यांना आणि गास्केटना मानवत नाही. टाकीत पडून राहिलं तर ओल धरतं, ते वेगळंच. म्हणजे भरलेलं पेट्रोल लवकर जाळायला हवं. जाळायचं तर चालवायला हवं. आणि चालवायचं तर, वरची यादी पाहा.

मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सीचं पर्व संपलं. शेवटची काळी-पिवळी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी डोळे पुसत पानं भरली, निदान एक तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. ज्यांनी हयातभर त्या टॅक्सीत बसून मीटरवरून भांडणं केली, तेही हळवे झाले. आपलं जुन्या गोष्टींवर प्रेम नाही असं कोणी म्हणू नये. ते आहे, उदंड आहे. ती गोष्ट हलायची थांबली पाहिजे, एवढीच अट आहे.

इतर देशांत काय करतात, याची मी उगाच चौकशी केली. ब्रिटनमध्ये गाडीने चाळिशी ओलांडली की रस्ताकर शून्य, आणि २०१८ पासून बहुतेक अशा गाड्यांना वार्षिक तपासणीही माफ. वर ती घेऊन पाव आणायला जाता येतं. जर्मनीत तीस वर्षांनंतर, गाडी चांगल्या स्थितीत असेल तर, नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं आणि कर एकच ठरावीक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची पद्धत मला सर्वांत पटली. मेलबर्नला असलेल्या भाच्याने समजावून सांगितली. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला क्लबच्या मार्फत वर्षात ४५ दिवसांचा किंवा ९० दिवसांचा परवाना मिळतो. गाडी काढायच्या दिवशी गाडीतल्या वहीत तारीख लिहायची. कुठे जातोस, कशाला जातोस, प्रदर्शनाला की संशोधनाला, कोणी विचारत नाही. दिवस मोजतात, कारणं मोजत नाहीत. भाचा म्हणाला, “मामा, इकडे लोक वहीत खरंच लिहितात.” इथे मात्र मी थोडा गप्प बसलो.

तरीही शासनाने विचार करावा म्हणून तीन किरकोळ सूचना करतो. पहिली: परवानगी असलेल्या कामांच्या यादीत ‘चालवणे’ हे काम जोडावं. दुसरी: ते फारच क्रांतिकारक वाटत असेल तर वर्षाला ४५ दिवस द्यावेत आणि वही ठेवायला लावावी, वही कार्यालयाने विकली तरी चालेल, शुल्काची तेवढी सवय आम्हाला आहे. तिसरी: तीन चाकांवर झालेला अन्याय दूर करावा.

तोवर माझा निर्णय झालेला आहे. विंटेजचा अर्ज मी मागे घेतला आणि साधं नूतनीकरण करून घेतलं. देशाचा वारसा होण्याचा मान नम्रपणे नाकारून सामान्य राहण्यासाठी मी दहा हजार भरले. पावती घेताना साहेबांनी विचारलं, “काका, एवढे पैसे देऊन विंटेज का नाही केली?” मी म्हटलं, “मंडईत जायचं असतं.” त्यांनी मान हलवली आणि पाच वर्षांनंतरच्या तारखेचा शिक्का मारला.

दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. मी जिवंत आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्याला शुल्क नाही, पेन्सिल प्रिंट नाही, मी मूळ स्वरूपात आहे की नाही असंही कोणी विचारत नाही, आणि जिवंत राहून मी कुठे कुठे जाणार याची यादी मागत नाही. माझी हयात फुकट आणि गाडीची दहा हजारांना. दोघांचं वय आणि अवस्था बघता दर बरोबर लावले आहेत, असंच म्हणावं लागेल.